ताडकळसचा आवाज किनवटच्या फोनवर

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यात, नांदेडच्या अलीकडे, ताडकळस नावाचं गाव आहे. तिथल्या गंगूबाई अंबोरे यांनी म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या १९९६ साली ध्वनिमुद्रित झाल्या. हे काम पुण्याच्या 'सेंटर फॉर को-ऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस' या संस्थेचं. जन्माने फ्रेंच असलेले गी प्वातवँ आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी गावोगावच्या कार्यकर्त्या बायकांना सोबत घेऊन महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून ओव्या गोळा केल्या. संख्या सुमारे १,१०,००० पर्यंत गेली. पुढे संगणक आणि संगीत या दोन्हींचे जाणकार बर्नार्ड बेल या कामात आले. त्यांनी ओव्यांचा माहितीकोश उभा केला आणि १२० तासांहून अधिक आवाज ध्वनिमुद्रित केला. हे धन आधी गुडगावच्या संगीत-अभिलेखागारात आणि नंतर फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हाँस इथल्या भाषा-ध्वनी भांडारात जपलं गेलं. २०१७ पासून पी. साईनाथ यांच्या 'परी'ने, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाने, त्यातल्या ओव्या शब्द, भाषांतर आणि आवाजासह लोकांसमोर ठेवायला सुरुवात केली.

हा सगळा प्रवास मला थक्क करतो. पण त्याचा शेवटचा टप्पा एक्स-आँ-प्रोव्हाँसमध्ये संपत नाही आणि पुण्या-मुंबईतही नाही. तो संपतो किनवटच्या एखाद्या पोरीच्या हातातल्या स्वस्त फोनवर किंवा औशाच्या शाळेतल्या जुन्या संगणकावर. तिथे ती पडद्यावरच्या त्रिकोणावर बोट ठेवते. आवाज आला तर ओवी पोचली. नाही आला तर एवढ्या माणसांची एवढ्या वर्षांची मेहनत त्या पोरीपुरती तरी झालेलीच नाही. मराठवाड्याच्या बोली, ओव्या, भारुडं, भाषणं, बातम्या आता वेगाने ब्राउझरमधून ऐकण्याच्या गोष्टी होत चालल्या आहेत. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेसोबत केलेल्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणातले आवाजही याच वाटेने लोकांपर्यंत येतात. म्हणून ब्राउझरमध्ये आवाज का वाजत नाही हा प्रश्न मला फक्त संगणकवाल्यांचा वाटत नाही.

नांदेडच्या वजिराबादेत, लातूरच्या गंजगोलाईच्या आसपास किंवा कुठल्याही तालुक्याच्या गावी मोबाइलच्या दुकानात उभं राहा. तक्रार ठरलेल्या शब्दांत येते. "वाजंना गेलंय", "नुसतं गोल फिरायलंय", "आवाजच येईना की, काय झालंय काय की". दुकानदार बहुतेक वेळा फोन बंद-चालू करून देतो आणि सुटत नसेल तर "साइटच बंद पडली असेल" म्हणून मोकळा होतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण या तीन तक्रारींचे अर्थ वेगळे आहेत, आणि नीट ऐकलं तर निम्मं निदान तक्रारीच्या शब्दांतच झालेलं असतं. 'गोल फिरतंय' म्हणजे फाईल येतेय, पण पुरेशी येत नाही. दाबल्यावर काहीच हलत नाही आणि शून्य मिनिटं शून्य सेकंद दिसतात, म्हणजे फाईल सापडली नाही किंवा ब्राउझरला ती उलगडता आली नाही. वेळ पुढे सरकतेय पण आवाज नाही, म्हणजे फाईल व्यवस्थित वाजतेय आणि अडथळा तिच्यापासून कानापर्यंतच्या वाटेत आहे. एवढं विचारलं तरी पुष्कळ काम होतं: आकडा पुढे सरकतोय का?

सरकत असेल तर कानापासून मागे मागे जायचं. फोनला आधी जोडलेला ब्लूटूथ स्पीकर शेजारच्या खोलीत चालू असतो आणि आवाज तिकडे जात असतो, हे इतक्यांदा घडतं की पहिली चौकशी त्याचीच करावी. संगणकावर ब्राउझरच्या टॅबवर उजवी कळ दाबली की ती साइट 'म्यूट' करण्याची सोय असते. कधीतरी जाहिरातीला कंटाळून ती दाबलेली असते आणि ब्राउझर ते महिनोन्महिने लक्षात ठेवतो. विंडोजच्या व्हॉल्यूम मिक्सरमध्ये प्रत्येक प्रोग्रामचा आवाज वेगळा असतो, तिथे ब्राउझरची पट्टी खाली गेलेली असू शकते. आयफोनच्या बाजूचं सायलेंटचं बटण हा आणखी एक चकवा. साध्या पद्धतीने पानात बसवलेला आवाज ते बटण लावलेलं असतानाही वाजतो. पण पानावरच्या खेळात किंवा आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या आधुनिक यंत्रणेत तोच आवाज मुका होतो. त्यामुळे एकाच फोनवर एक पान बोलतं आणि दुसरं गप्प राहतं, आणि माणूस चक्रावतो.

एप्रिल २०१८ मध्ये क्रोमने आणखी एक बदल केला. पान उघडताच आपोआप आवाज सुरू करायला त्याने मनाई केली. ऐकणाऱ्याने पानावर कुठेतरी बोट लावल्याशिवाय आवाज निघणार नाही. सफारीने ते आदल्या वर्षी केलं होतं, फायरफॉक्सने २०१९ मध्ये केलं. अंगावर येणाऱ्या जाहिरातींपासून ही सुटका होती आणि मला ती योग्यच वाटते. पण संस्थेच्या पानावर स्वागतगीत, प्रार्थना, शाळेचं गीत आपोआप वाजावं अशी रचना ज्यांनी आधी केली होती, त्यांची पानं त्या दिवसापासून मुकी झाली. अनेक पानं अजून तशीच आहेत. बनवणारा सोडून गेला, पानाला नवीन बटण देणारं कोणी उरलं नाही.

आता दुसरी बाजू: आकडा हलतच नाही. इथे एक चाचणी मी सगळ्यांना सांगते. पानावरचा आवाज वाजत नसेल तर त्या फाईलचा स्वतःचा पत्ता मिळवायचा आणि तो नव्या टॅबमध्ये एकटा उघडायचा. तिथे वाजला तर फाईल चांगली आहे आणि बिघाड पानात आहे. तिथेही नाही वाजला तर फाईल उतरवून घ्यायची आणि व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये लावायची. व्हीएलसीत वाजली पण ब्राउझरमध्ये नाही, म्हणजे फाईलचा प्रकार ब्राउझरला येत नाही किंवा सर्व्हर तिची ओळख चुकीची सांगतोय. कुठेच वाजली नाही तर ती साध्या नोटपॅडमध्ये उघडून बघावी. आत आवाजाची अगम्य चिन्हं दिसण्याऐवजी सरळ वाचता येणारा मजकूर दिसला, 'पान सापडले नाही' अशा अर्थाचा, तर कोडं सुटलं. सर्व्हरने आवाजाऐवजी दिलगिरीचं पान पाठवलं आणि त्यावर एमपी३ चं नाव लागलं. अशी फाईल फार तर काही किलोबाइटची असते. तीन मिनिटांची ओवी एवढ्याशा जागेत मावूच शकत नाही, त्यामुळे नुसत्या आकारावरूनही ती ओळखू येते.

फाईल 'सापडली नाही' या प्रकारात मराठीचं एक खास दुखणं आहे. ते मराठी माणसांनीच समजून घ्यायला हवं, कारण इतर कुणाला ते दिसणारच नाही. समजा फाईलचं नाव आहे 'सासऱ्याच्या ओव्या'. यातला अर्धा र, ज्याला आपण वऱ्हाड, तऱ्हा, दऱ्या अशा शब्दांत ओळखतो, संगणकात निदान तीन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात त्यासाठी स्वतंत्र अक्षर आहे. दुसऱ्यात साधा र आणि त्याखाली नुक्ता अशी जोडी बनते. तिसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह असतं. पडद्यावर तिन्ही हुबेहूब सारखी. संगणकाला मात्र ती तीन वेगळी नावं. नांदेडच्या कुणी एका कीबोर्डवरून फाईलला नाव दिलं, लातूरच्या कुणी दुसऱ्या कीबोर्डवरून पानात तेच नाव टाइप केलं, की सर्व्हर शांतपणे सांगतो, अशी फाईल नाही. माणूस दहा वेळा अक्षर अन् अक्षर ताडून बघतो, सगळं बरोबर दिसतं. २०१७ पूर्वीच्या मॅक संगणकांची फाईलव्यवस्था तर अशी स्वतंत्र अक्षरं स्वतःहून फोडून जोडीच्या रूपात साठवायची. तिथून फाईल लिनक्सच्या सर्व्हरवर गेली की नाव बदललेलं असायचं आणि कुणाला पत्ताही नसायचा.

त्यात भर म्हणजे देवनागरीचं प्रत्येक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात, आणि पत्त्यात ते टक्क्याच्या खुणांसह लिहिलं की नऊ अक्षरांएवढं लांब होतं. लिनक्समध्ये फाईलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे, म्हणजे देवनागरीत फार तर ८५ चिन्हं, काना-मात्रा-वेलांटी सगळं धरून. 'गाव, तालुका, जिल्हा, गायिकेचं नाव, विषय, तारीख' असं भरगच्च नाव मायेने दिलेलं असतं. ते या मर्यादेत मावत नाही, कुठेतरी कापलं जातं किंवा फाईल चढतच नाही. मोठ्या अक्षरांतल्या आणि लहान अक्षरांतल्या एमपी३ चा गोंधळ याहून जुना. विंडोजला दोन्ही एकच वाटतात, लिनक्सला नाही. म्हणून घरच्या संगणकावर वाजणारं पान सर्व्हरवर चढवताच गप्प होतं.

माझं मत स्पष्ट आहे. फाईलचं नाव इंग्रजी अक्षरं आणि आकडे एवढ्यांतच, छोटं आणि क्रमवार ठेवावं, आणि मराठीची सगळी समृद्धी पानावरच्या मजकुरात आणि फाईलसोबतच्या माहितीत भरावी. भाषेवरचं प्रेम फाईलच्या नावात दाखवायला गेलं की आवाजच हरवतो. ज्या दिवशी सगळी यंत्रं अर्ध्या र च्या त्या तीन लिखाणांना एक मानतील, त्या दिवशी मी हे मत बदलेन.

फाईल सापडली, पण उलगडत नाही, याचा इतिहास मराठवाड्यात घराघरांत पडून आहे. साधारण २००५ ते २०१२ या काळात गावाकडे हातात आले ते साधे कीपॅडचे फोन. त्यांत आजोबांचं बोलणं, आजीची पाळण्याची गाणी, गावच्या सप्ताहातलं कीर्तन, बारशाची गाणी ध्वनिमुद्रित झाली. त्यांतल्या बहुतेक फोनांनी ते आवाज एएमआर नावाच्या प्रकारात साठवले. हा प्रकार फोनवरच्या संभाषणासाठी घडवलेला. सेकंदाला फक्त ८,००० नमुने घेणारा, फाईल अगदी लहान ठेवणारा. त्या वेळच्या छोट्या मेमरी कार्डांसाठी ते सोयीचं होतं. पण बहुतेक ब्राउझरांनी हा प्रकार कधी आपलासा केला नाही. आज ती फाईल पानावर टाकली तर आकडा शून्यावरच राहतो. पत्रकार आणि संशोधक त्या काळात जे हातात मावणारे रेकॉर्डर वापरत, त्यांतल्या पुष्कळांची फाईल त्या त्या कंपनीच्याच प्रोग्राममध्ये उघडायची. डब्ल्यूएमए, डीएसएस, एमएसव्ही ही नावं त्यांनाच आठवतील ज्यांनी त्यात मुलाखती घेतल्या. डब्ल्यूएव्ही म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फाईलच्या पोटातसुद्धा कधी वेगळंच आकुंचन केलेलं असतं, आणि बाहेरचं नाव ओळखीचं असूनही ब्राउझर आतला मजकूर वाचू शकत नाही.

हे आवाज मेलेले नाहीत, एवढं मी छातीठोकपणे सांगते. व्हीएलसी ते बहुतेकदा वाजवतो. त्यात कंट्रोल आणि जे दाबलं की फाईल खरोखर कुठल्या प्रकारची आहे ते कळतं. ऑडॅसिटी किंवा एफएफएमपेग या विनामूल्य साधनांनी तिचा एमपी३ करता येतो. मूळ फाईल मात्र पुसायची नाही, रूपांतर करून शेजारी ठेवायचं. एमपी३ च का, तर तो सगळीकडे वाजतो. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेचा एमपी३ परवान्यांचा कार्यक्रम २३ एप्रिल २०१७ ला संपला आणि पेटंटची अडचण उरली नाही. त्याहून चांगले प्रकार आहेत हे खरं. २०१२ मध्ये प्रमाणित झालेला ऑपस कमी जागेत जास्त स्वच्छ आवाज देतो. व्हॉट्सअ‍ॅपवरची आपली बोलकी पत्रं ऑपसमध्येच असतात. पण ती ज्या ऑग नावाच्या फाईल-पेटीत बंद असतात, ती पेटी आयफोनच्या सफारीला आत्ता आत्तापर्यंत उघडत नव्हती. करोनाच्या काळात जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या किती तरी बाईंनी आणि गुरुजींनी कविता, पाढे, गोष्टी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवल्या. त्यातला काही भाग कुणी जपून शाळेच्या पानावर ठेवला असेल, तर तो काही फोनवर वाजतो आणि काहींवर नाही, याचं कारण बऱ्याचदा हे आहे. शिक्षिकेच्या आवाजात खोट नव्हती.

फ्लॅशचं दुःख वेगळंच. एचटीएमएल५ ने आवाज थेट ब्राउझरमध्ये वाजवण्याची सोय आणली. त्याआधी आवाजासाठी कधी रिअलप्लेअर लागायचा, कधी विंडोज मीडिया, आणि शेवटी शेवटी फ्लॅश. ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने फ्लॅशचा आधार काढला आणि १२ जानेवारी २०२१ पासून तो चालणंच बंद झालं. त्या तारखेआधी बनलेल्या पानांवर जिथे आवाजाचा छोटा काळा डबा असायचा, तिथे आता रिकामी चौकट आहे. पण पुष्कळदा त्या चौकटीमागे साधी एमपी३ फाईल सर्व्हरवर अजून जिवंत असते! पानाचा मूळ मजकूर उघडून तिचा पत्ता शोधला तर ती नव्या टॅबमध्ये वाजते. जुन्या संस्थांच्या पानांवर हा शोध घेण्यासारखं पुण्याचं दुसरं काम नाही.

आता 'गोल फिरायलंय'. माहूरच्या डोंगरात, किनवटच्या तांड्यांवर, लातूर जिल्ह्याच्या सीमेवरच्या गावांत नेटवर्क येतं-जातं, हे खरं आहे. पण दरवेळी नेटवर्कलाच दोष देणं अन्यायाचं आहे. हिशेब करून बघू. ध्वनिसंग्रह जपण्याच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींप्रमाणे जतनाची प्रत निदान ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची असावी. दोन चॅनेलच्या अशा प्रतीला सेकंदाला २८८ किलोबाइट लागतात. तीन मिनिटांची ओवी जवळपास ५२ मेगाबाइटची होते. तीच ओवी ६४ किलोबिटच्या, एका चॅनेलच्या एमपी३ मध्ये दीड मेगाबाइटच्या आत बसते, आणि एकट्या बाईचा जात्याच्या घरघरीसोबतचा आवाज त्यात समजण्याइतका, मन हलवण्याइतका उरतो. १२० तासांचा सगळा संग्रह पहिल्या प्रकारात सव्वाशे जीबीच्या घरात जाईल, दुसऱ्यात साडेतीन जीबीत, म्हणजे चार जीबीच्या मेमरी कार्डात. जतनाची प्रत तिजोरीत ठेवायची असते आणि ऐकण्याची प्रत दारात. दोन्हींची गफलत झाली, जड प्रतच पानावर लावली, की पुण्यातल्या फायबरवर ती झटकन वाजते, करणाऱ्याला सगळं ठीक वाटतं आणि माहूरला चाक फिरत राहतं. पान तयार झाल्यावर ते तालुक्याच्या गावात, दुपारच्या उन्हात, एका कांडीच्या नेटवर्कवर एकदा तरी वाजवून बघावं, ही अट मी प्रत्येक ध्वनिसंग्रहाच्या निधीच्या कागदात घातली असती.

फिरत्या चाकाचं दुसरं कारण फाईलच्या रचनेत दडलेलं असतं. फोनवर ध्वनिमुद्रित होणाऱ्या एम४ए फाईलची अनुक्रमणिका बऱ्याचदा फाईलच्या शेवटी लिहिली जाते, कारण मुद्रण संपेपर्यंत फोनलाच लांबी माहीत नसते. ब्राउझरला वाजवायला सुरुवात करण्याआधी ती अनुक्रमणिका हवी असते. सर्व्हर समजूतदार असेल तर ब्राउझर थेट शेवटाकडे उडी मारून ती आणतो. नसेल तर पूर्ण फाईल उतरेपर्यंत ताटकळतो. रूपांतर करताना अनुक्रमणिका सुरुवातीला आणण्याचा पर्याय असतो. तो निवडला की तीच फाईल, तेच नेटवर्क, आणि आवाज लगेच.

ही 'उडी' लातूरकरांना जास्त महत्त्वाची. लातूरच्या शिकवण्यांचा परिसर आता नुसता फळ्यावर चालत नाही. तासाची ध्वनिमुद्रणं आणि चित्रफिती पोरं रात्री खोलीवर पुन्हा ऐकतात. तासाभराच्या व्याख्यानात चाळिसाव्या मिनिटाला आलेली एक व्याख्या पुन्हा ऐकायची आहे, म्हणून पट्टीवर पुढे बोट ठेवलं, आणि आवाज परत पहिल्या वाक्यापासून सुरू झाला. याचं कारण जवळपास नेहमी सर्व्हरवर असतं. ब्राउझर फाईलचा हवा तेवढा तुकडा मागतो, 'इथून इथपर्यंतच दे' असं. सर्व्हरला तुकड्यांनी देता येत असेल तर तो २०६ क्रमांकाचं उत्तर पाठवतो. येत नसेल तर २०० म्हणून अख्खी फाईल पहिल्यापासून ओततो. क्रोममध्ये त्यामुळे पुढे जाता येत नाही, पण निदान वाजतं. आयफोनचा सफारी याबाबत कडक आहे. तो आधी फाईलचे पहिले दोनच बाइट मागून सर्व्हरची परीक्षा घेतो. सर्व्हरने दोन मागितल्यावर सगळी फाईल दिली, की वाजवायलाच नकार देतो. 'बाकी सगळ्यांच्या फोनवर वाजतं, फक्त आयफोनवर नाही' ही तक्रार आली की फाईलला हात लावण्याआधी सर्व्हर तपासावा. संगणकावर एफ१२ दाबून नेटवर्कच्या रकान्यात तो आकडा कुणालाही बघता येतो. ४०४ म्हणजे सापडली नाही, ४०३ म्हणजे परवानगी नाही, २०६ म्हणजे सर्व्हर शहाणा आहे. बारावी विज्ञानाच्या पोरांना हे पाच मिनिटांत शिकवता येईल आणि मला वाटतं शिकवावं.

जुन्या आवाजांचा सर्वांत चकवणारा बिघाड मात्र कॅसेटपासून सुरू होतो. कॅसेट किंवा स्पूल टेप वाजवणाऱ्या यंत्रातून आवाज संगणकात घेताना केबल चुकीची जोडली जाते. व्यावसायिक यंत्राच्या एका चॅनेलमध्ये एकच आवाज सुलट आणि उलट अशा दोन तारांतून येतो. त्या दोन तारा स्टीरिओच्या डाव्या आणि उजव्या कानाला जोडल्या गेल्या की डावीकडे सुलट लहर आणि उजवीकडे तिचीच उलटी लहर साठते. हेडफोन लावून तपासणाऱ्याला आवाज येतो, थोडा पोकळ, डोक्याच्या मागून आल्यासारखा, पण येतो. पडद्यावर लहरी भरगच्च दिसतात. फाईल सगळ्या परीक्षा पास होते. मग ती पानावर चढते आणि एकच स्पीकर असलेल्या फोनवर वाजवली जाते. फोन दोन्ही चॅनेलांची बेरीज करतो. सुलट अधिक उलट, उत्तर शून्य. आकडा पुढे सरकत राहतो आणि ऐकू काहीच येत नाही. गावातले बहुतेक लोक हेडफोनशिवाय, आंगणात चौघांत बसून ऐकतात. म्हणजे ज्यांच्यासाठी हे सगळं केलं, नेमक्या त्यांनाच ते ऐकू येत नाही. उपाय अगदी साधा आहे. ऑडॅसिटीत एक चॅनेल उलटवायचं, किंवा एकच चॅनेल ठेवून दुसरं टाकून द्यायचं. जपण्याचं काम करणाऱ्या प्रत्येकाने प्रत्येक फाईल एकदा एका स्पीकरवर ऐकलीच पाहिजे. हेडफोनवर खूश होऊन थांबू नये.

थेट प्रक्षेपणाची वाट थोडी निराळी. नांदेडात थेट म्हटलं की आधी सचखंड हजूर साहिबचं कीर्तन आठवतं. कुठल्याही थेट प्रवाहात फाईल नसते, तुकडे येत राहतात, त्यामुळे वरच्या बऱ्याच चाचण्या लागू होत नाहीत. तिथे दोन अडथळे नेहमीचे. कार्यालयांची आणि महाविद्यालयांची नेटवर्कं अनेकदा ठराविक दारंच, म्हणजे पोर्टच, उघडी ठेवतात, आणि इंटरनेट रेडिओचे जुने प्रवाह ८००० सारख्या वेगळ्या दाराने येतात. दुसरा अडथळा कुलपाच्या खुणेचा. पान सुरक्षित पत्त्यावर असेल आणि आवाज जुन्या, असुरक्षित पत्त्यावरून येत असेल, तर क्रोम २०२० पासून तो सुरक्षित मार्गाने आणायचा प्रयत्न करतो आणि तसा मार्ग नसेल तर अडवतो. संस्थेने पानाला नवीन प्रमाणपत्र घेतलं आणि त्याच दिवशी रेडिओ बंद पडला, अशी विचित्र वाटणारी गोष्ट या कारणाने घडते.

किनवट-माहूरकडे पुन्हा येते, कारण माझी काळजी तिथे आहे. नांदेड जिल्ह्याच्या त्या टोकाला गोरमाटी, गोंडी आणि कोलामी बोलणारी माणसं आहेत. कोलाम हा महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक, कातकरी आणि माडिया गोंड यांच्यासोबतचा. त्यांच्या गाण्यांचं, कथांचं ध्वनिमुद्रण आज तिथलीच तरुण मुलं फोनवर करू शकतात, आणि काही करतही असतील. ताडकळसच्या ओव्या नोंदवायला पुण्याहून माणसं यावी लागली होती. या मुलांना तसं कुणाची वाट बघायची गरज नाही. त्यांना सांगण्यासारखं एवढंच: फोनच्या सेटिंगमध्ये सर्वांत चांगला दर्जा निवडा, फोन विमानाच्या खुणेवर ठेवा म्हणजे मध्येच रिंग वाजणार नाही, सुरुवातीला गाव, तारीख आणि गाणाऱ्या आजीचं नाव तिच्या संमतीने आवाजातच नोंदवा, फाईलला इंग्रजी अक्षरांत छोटं नाव द्या. मूळ फाईल दोन ठिकाणी ठेवा, एक घरी आणि एक जिल्ह्याच्या गावी. पानावर चढवण्यासाठी एका चॅनेलचा एमपी३ करा आणि आजीच्याच घरात, तिच्याच नातवाच्या फोनवर, हेडफोन न लावता तो वाजवून घ्या.

आणि कुठल्याही संग्रहाच्या पानावर आवाज वाजला नाही तर गप्प बसून पान बंद करू नये. पानाचा पूर्ण पत्ता, फोनचं नाव, ब्राउझर, आणि आकडा सरकत होता की शून्यावर होता, एवढं लिहून संग्रहाला कळवावं. दूर बसलेल्या माणसाला त्या चार ओळींतून बिघाडाची जागा सापडते. तशी तक्रार पोचली नाही तर त्याच्या हेडफोनवर सगळं छान वाजत राहतं.